हाताखाली कोण?

१

झोके, घसरगुंड्या, सी-सॉ आणि मुलांनी चढायच्या लोखंडी शिड्या बनवणारा तो कारखाना. तिथे आजवर कुणी कुणाला "तुझ्या वर कोण?" असं विचारलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. मालकीणबाई खाकरल्या की सगळे हलायचे, मालकीणबाई हसल्या की सगळे हसायचे, संपली कारखान्याची रचना. पण मग दुसरी शाखा निघाली. तीही कुठे, तर सकाळी निघालं तर दिवस मावळताना पोचावं इतकी लांब. आणि मालकीणबाईंच्या डोक्यात ईआरपी नावाचं खूळ शिरलं. अख्खा कारखाना एका सॉफ्टवेअरमध्ये बसवायचा. कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली, कुणाची रजा कोण मंजूर करणार, सगळ्यांच्या चौकटी काढायच्या आणि रेघांनी जोडून टाकायच्या.

हे काम मास्तरणीच्या गळ्यात पडलं. ती काही खरीखुरी मास्तरीण नव्हती हं. माहिती विभागात ती एकटीच. दिसेल त्याला दिसेल ते समजावून सांगायची दांडगी हौस, म्हणून पडलेलं नाव. आणि काम गळ्यात पडलं म्हणावं तर तिला ते मनापासून आवडलं. वही-पेन घेऊन ती कारखानाभर हिंडली, वेल्डिंगच्या ठिणग्या चुकवत, ओल्या रंगाला पदर लागू न देता.

सॉफ्टवेअर बसवायला एक सल्लागार आला होता. काटकुळा, बारा गावचं पाणी प्यायलेला, सदा घाईत. त्याने एका रकान्यावर 'अधीनस्थ कर्मचारी' असं लिहून ठेवलं होतं.

"अधीनस्थ म्हणजे काय हो? अर्धवट?" रंगाऱ्याने विचारलं. हा रंगारी म्हणजे कारखान्यातला सगळ्यात वात्रट प्राणी.

मग मास्तरणीने तो शब्दच उडवला आणि साधे दोन प्रश्न लिहिले. 'वर कोण?' आणि 'हाताखाली कोण?' आता सगळ्यांना लख्ख कळलं.

"वर मालकीणबाई, हाताखाली ब्रश," रंगारी म्हणाला.

"माझ्या हाताखाली चहाची किटली," शिपाईकाका म्हणाले. "आणि तीही माझं ऐकत नाही."

मालकीणबाईंना विचारलं, तर त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "माझ्या वर पंखा. तोही बंद."

मास्तरीण हसून हसून दमली. असं काम रोज मिळालं तर पगार कशाला हवा, असं तिने त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याची बेकरी होती, कोपऱ्यावरच. तो म्हणाला, "हे मात्र मालकीणबाईंना सांगू नकोस."

२

घोडं कुठे पेंड खाणार ते नंतर कळलं.

सगळ्या चौकटी हिरव्या झाल्या, एक तेवढी लाल राहिली. नेमकी मास्तरणीची. ती विभागप्रमुख, पण 'हाताखाली कोण?' हा रकाना रिकामा.

"प्रमुखाच्या हाताखाली कोणी नसेल तर सॉफ्टवेअर त्याला विभाग धरत नाही," सल्लागार म्हणाला. "आपोआप मोठ्या विभागात जोडून टाकतं."

"मोठा विभाग म्हणजे?"

"तुमच्या बाबतीत दुसऱ्या शाखेतला. तिकडे जावं लागेल तुम्हाला." त्याने हे अशा सुरात सांगितलं की जणू पलीकडच्या टेबलावर जाऊन बसायचं होतं.

मास्तरणीने हातातली वही मिटली. घरी मुंगी होती. मुंगी म्हणजे तिची लेक. नुकतीच पहिलीत गेलेली, एवढीशी, आणि कुठे गोड ठेवलंय ते बरोबर हुडकून काढणारी, म्हणून मुंगी. ही मुंगी झोपताना आईचं बोट मुठीत धरायची आणि झोप लागल्यावरसुद्धा सोडायची नाही. बोट सोडवायला मास्तरणीला रोज खटपट करावी लागायची, आणि खरं सांगायचं तर ती खटपट ती मुद्दाम हळूहळू करायची. लांब गेलं तर हे सगळं सुट्टीपुरतं उरणार. नवऱ्याला बेकरी सोडून येता येणार नाही आणि मुंगीला शाळा. त्या रात्री दोघांनी खूप बोलून पाहिलं, आणि शेवटी नवरा "बघू गं" म्हणून गप्प झाला. तो गप्प झाला की समजायचं, त्यालाही रडू येतंय.

दुसऱ्या दिवशी माहिती भरायची मुदत संपत होती. सगळे जेवायला गेले होते. मालकीणबाई गावाला. मास्तरीण त्या लाल चौकटीकडे बघत बसली. 'हाताखाली कोण?' चौकट जणू दरडावून विचारत होती. तिला राग आला. एखाद्या चोंबड्या शेजारणीला द्यावं तसं उत्तर तिने ठोकून दिलं: "आहे कोणीतरी."

आणि बटण दाबलं.

सॉफ्टवेअर क्षणभर घुटमळलं. मग त्याने ते उत्तर आपल्या पद्धतीने फोडलं. नाव: आहे. आडनाव: कोणीतरी. पद: सहायक. चौकट हिरवीगार झाली.

मास्तरीण एकटीच खो खो हसत सुटली. कोणीतरी आडनावाचा आहे! आता मालकीणबाई आल्या की त्यांच्याकडून खरा मदतनीस मागून घ्यायचा आणि हे नाव बदलून टाकायचं, असं तिने ठरवलं. तात्पुरतं तर आहे. तुम्हाला माहीतच आहे, तात्पुरत्याइतकं टिकाऊ जगात दुसरं काही नसतं.

३

आता एक सांगायला हवं. कुठल्याही कचेरीत जा, तिथे एका माणसाला सगळ्यात जास्त वेळा हाक मारली जाते आणि तो कधीच येत नाही. त्याचं नाव कोणीतरी. "कोणीतरी दार लावा रे." "कोणीतरी चहाचं बघा." "हे कपाट कोणीतरी आवरायला पाहिजे." म्हणणारा म्हणतो, ऐकणारे ऐकतात आणि दार उघडंच राहतं.

त्या आठवड्यापासून दार लागायला लागलं.

आधी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. "कोणीतरी तो नळ बंद करा," असं भांडारातून कुणी ओरडलं आणि नळाचं टपटप थांबलं. प्रिंटरमधले कागद संपेनात. वर्षभर लुकलुकणारी ट्यूब गुपचूप नीट पेटायला लागली. रंगाऱ्याचे ब्रश सकाळी धुतलेले, पुसलेले आणि लहानमोठे लावून ठेवलेले. जो तो समजायचा, दुसऱ्याने केलं असणार. शिपाईकाकांना वाटलं रंगारी सुधारला. रंगाऱ्याला वाटलं शिपाईकाकांना दया आली. दोघांनी एकमेकांना न सांगता एकमेकांसाठी केळी आणली.

अहो, काय सांगावं, त्या कारखान्याला बाळसं आलं! माणसं एकमेकांशी गोड बोलायला लागली. वेल्डर गाणी म्हणायला लागला, आणि तो इतका बेसूर गायचा तरी कुणी त्याला थांबवलं नाही. मालकीणबाई परत आल्या आणि अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "काय रे, मी नसताना सगळे शहाणे होता होय? मग मी जातेच परत."

मास्तरणीचंही तेच. संध्याकाळी अर्धवट टाकलेल्या नोंदी सकाळी पूर्ण झालेल्या असायच्या, एकही चूक नाही. तिला वाटलं, सल्लागार करतोय. सल्लागाराला वाटलं, ही बाई भलतीच झपाट्याची आहे. ती उजेडातच घरी जायला लागली. पहिल्या दिवशी नवरा दचकलाच.

"एवढ्या लवकर? नोकरीबिकरी गेली की काय?"

"नोकरीला पंख फुटलेत," ती म्हणाली आणि मुंगीला उचलून तिने गरगर फिरवलं. मुंगी इतकी खिदळली की तिला उचकी लागली. मदतनीस मागायचं मालकीणबाईंकडे राहूनच गेलं. मागायचं तरी कशाला? सगळं कसं झकास चाललं होतं.

४

एके दिवशी सहज म्हणून मास्तरणीने ती चौकट उघडली. आहे कोणीतरी. तिला वाटलं होतं, आत सगळे रकाने कोरे असतील. ते कोरे नव्हते. हजेरी भरलेली होती. रोज हजर. आल्याची वेळ एकदाच लिहिलेली, अगदी पहिल्या दिवशीची. गेल्याची वेळ मात्र कुठेच नव्हती.

"चाचणी म्हणून तुम्ही काही भरलंत का?" तिने सल्लागाराला विचारलं.

"हजेरी मला हाताने भरताच येत नाही," तो म्हणाला. "फाटकातल्या यंत्रावर पंजा ठेवावा लागतो. पंजा ओळखला तरच नोंद. का, काय झालं?"

"काही नाही. असंच."

ती फाटकापाशी गेली. पंज्याचं यंत्र म्हणजे एक काळी पेटी, वर हाताएवढी काच. काचेवर शेकडो हातांचा मळ, त्यात एक पंजा जरा ठळक. तिने रुमालाने काच पुसली. मळ गेला. तो ठळक पंजा राहिला. तिने थुंकी लावून पुन्हा घासलं. तो हलेना. तेव्हा तिने नीट वाकून पाहिलं. तो काचेच्या वरच्या बाजूला नव्हता. खालच्या बाजूने होता. आतून कुणीतरी हात टेकवावा तसा, वर ठेवणाऱ्याच्या बरोबर हाताखाली.

ओल असेल, तिने स्वतःला समजावलं. काचेत वाफ धरते, बनवतानाच कुणा कामगाराचा हात लागला असेल. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त पाची बोटं सारखी नसतात असं आपण म्हणतो ना? ही सारखी होती. अंगठ्यासकट पाचही, एका मापाची.

ती परत येऊन बसली तर टेबलावर चहा ठेवलेला होता. गरम, तिला हवी तेवढीच साखर. तिने तो प्यायला नाही. तरी चांगला दिसत होता म्हणून बराच वेळ ओतवेना.

५

मुंगीची शाळा एक दिवस लवकर सुटली, आणि नवऱ्याने तिला कारखान्यात आणून सोडलं. मुंगीला तर काय, कारखान्याचं मागचं अंगण म्हणजे स्वर्गच. बनलेली प्रत्येक वस्तू तिथे उभी करून तपासतात. चार झोके, दोन घसरगुंड्या, एक नवी कोरी निळी सी-सॉ. तपासायला वाळूची पोती ठेवलेली असतात, पण पोत्यांपेक्षा मुंगीवर मालकीणबाईंचा भरवसा जास्त.

"आई, चल ना, सी-सॉ!"

"थांब गं राणी, एवढं संपवते." मास्तरणीची बोटं चालू होती, डोळे पडद्यावर. दुसऱ्या दिवशी ईआरपी सुरू व्हायचं होतं. "तू हो पुढे. येईल कोणीतरी तुझ्याशी खेळायला."

कुठलीही आई म्हणेल तसंच ती म्हणाली. दिवसातून दहा वेळा म्हणतो आपण असं.

खिडकीतून आवाज यायला लागला. कर्रर्र, खट्. कर्रर्र, खट्. मधूनमधून मुंगीचं हसणं. ते हसणं ऐकून मास्तरणीलाही हसू फुटत होतं. किती छान खेळतेय पोर, तिने मनाशी म्हटलं आणि आणखी एक रकाना भरला. कर्रर्र, खट्. मग तिची बोटं थांबली. सी-सॉ एकट्याने खेळता येत नाही.

पोतं ठेवलं असेल दुसऱ्या बाजूला. पण पोतं एकदा खाली बसलं की बसलं, ते वरखाली कशाला करेल? रंगारी असेल मग, त्याला कामाचा कंटाळा नेहमीचाच. पण रंगाऱ्याची शीळ तर पुढच्या बाजूने येत होती. ती उठली आणि चालायला लागली, आणि मग धावायला लागली.

अंगणात कुणी नव्हतं. मुंगी वर होती, पाय हवेत, केस उडालेले, गाल लाल. समोरची बैठक खाली, गवताला टेकलेली. रिकामी. एक चिमणीही नव्हती तिच्यावर.

"आई! बघ किती उंच!"

मास्तरणीने दोन्ही हात वर करून लेकीला उतरवून घेतलं आणि छातीशी असं धरलं की मुंगी म्हणाली, "आई, दुखतंय."

"कोणाशी खेळत होतीस?"

"कोणीतरी होतं."

"अगं पण कोण?"

"कोणीतरी गं! तूच तर पाठवलंस." मुंगीला आईचा मठ्ठपणा बघून गंमत वाटली. "खूप छान आहे ते. मी म्हटलं जोरात, की जोरात. मी म्हटलं हळू, की हळू. मग त्याने विचारलं, तुझ्या वर कोण? मी म्हटलं, आई. मग म्हणालं, आई लांब गेली तर मी घेऊ तुला माझ्या हाताखाली? मी म्हटलं, घे की!"

लांब जायचं बोलणं मुंगी झोपल्यावर झालं होतं, बंद दाराआड, तेही कुजबुजत. तिने मुंगीला कडेवर घेतलं आणि मागे न बघता दाराकडे निघाली. मागून आवाज आला. कर्रर्र. वरची रिकामी बैठक सावकाश खाली येत होती, जणू खालच्या बैठकीवरून कुणी काळजीपूर्वक उठलं होतं. मग खट्.

६

संगणकासमोर ती मुंगीला मांडीवर घेऊनच बसली. एक हात मुंगीभोवती, एक हात माउसवर. तिने अख्खा नकाशा उघडला. सगळ्यांच्या चौकटी, सगळ्या रेघा, तिनेच काढलेल्या. स्वतःची चौकट शोधली. तिच्या हाताखाली आहे कोणीतरी. आणि त्याच्या खाली एक नवी रेघ, तिच्या टोकाला एक इवलीशी चौकट.

मुंगी.

ते नाव फक्त घरात होतं. शाळेतसुद्धा नव्हतं.

"आई, ते काय लिहिलंय?" मुंगीला अजून धड वाचता येत नव्हतं.

"काही नाही राणी." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकीजवळ राहता यावं म्हणून तिनेच एक रिकामी जागा भरली होती, आणि त्या जागेने आता लेकीलाच मागून घेतलं होतं. तिला रडायला येत होतं, पण मांडीवर मुंगी होती, म्हणून ती गुणगुणत राहिली आणि तिने कोणीतरीच्या चौकटीवर 'काढून टाका' दाबलं.

पडद्यावर उत्तर आलं: याच्या हाताखाली माणसं आहेत. आधी त्यांची सोय करा.

बरोबरच होतं. नियम तसाच होता. तिने माउसने मुंगीची चौकट उचलली आणि ओढत स्वतःच्या खाली आणली. सोडल्याबरोबर चौकट घरंगळली आणि जागच्या जागी गेली. तिने पुन्हा ओढली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा ती सोडलीच नाही. बोट दाबून तशीच बसून राहिली. बोट दुखायला लागलं. सोडावं कसं?

"आई, मी यात कुठे आहे?" मुंगीने विचारलं.

"तू ना?" तिने आवाज चांगला मोठा, त्या खोलीतल्या भिंतींनाही ऐकू जाईल असा लावला. "तू माझ्या हाताखाली. आईच्या. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"मग ठीक आहे," मुंगी म्हणाली. "मी सांगते त्याला."

मास्तरणीने बोट उचललं. चौकट राहिली. आईच्या खाली लेक, मध्ये एक सरळ रेघ. तिने घाईघाईने पुन्हा कोणीतरीवर 'काढून टाका' दाबलं.

ही चौकट काढता येत नाही. हलवायची का?

खाली एकच बटण होतं, त्यावर एकच शब्द. वर.

कुठेही जाऊ दे, पण इथून जाऊ दे, असं म्हणत तिने ते दाबलं. चौकट सुटली आणि चढायला लागली. तिच्या चौकटीवरून, व्यवस्थापकांच्या चौकटीवरून, थेट मालकीणबाईंच्याही वरून, आणि पडद्याच्या कडेबाहेर गेली. ती कुठे थांबली ते बघायला मास्तरणीने नकाशा वर सरकवला. मालकीणबाईंच्या चौकटीतून एक रेघ वर जात होती. नकाशा आणखी सरकेना, पण रेघ संपलेली दिसत नव्हती.

तिने संगणक बंद केला आणि मुंगीच्या टाळूची पापी घेतली. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं, आणि ते वाटणं इतकं गोड होतं की तिने त्यावर विश्वास ठेवला.

७

दुसऱ्या दिवशी ईआरपी सुरू झालं आणि दुपारी कारखान्यात नुसती धमाल. मालकीणबाईंनी सगळ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. रंगाऱ्याने मागच्या अंगणात खडूने अख्खा नकाशा काढला होता, माणूस उभा राहील एवढ्या चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. जो तो आपापल्या चौकटीत उभा राहणार आणि गच्चीवरून सगळ्यांचा एकत्र फोटो निघणार. मास्तरणीच्या नवऱ्याने भला मोठा केक आणला होता. त्यावर साखरेचा झोका होता, आणि त्या झोक्याची एक दोरी मुंगीने वाटेतच खाऊन टाकली होती.

मालकीणबाई चौकटी तपासत आल्या. "मास्तरीण, तुझ्या हाताखाली मुंगी? ही कोण मोठी लागून गेली?"

मास्तरणीने खरं सांगून टाकलं. की हाताखाली खरं तर कोणी नाही, की रकाना रिकामा ठेवला तर तिला लांब जावं लागलं असतं, की म्हणून शेवटी पोटच्या पोरीचं नाव आहे तिथे. दुसऱ्या नावाबद्दल ती बोलली नाही. त्याचं काय सांगणार?

मालकीणबाई आधी रागावल्यासारख्या दिसल्या, मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की वेल्डरचं गाणं थांबलं. "अगं वेडे, एवढंच होतं तर मला बोलायचं! त्या सॉफ्टवेअरला काय कळतंय? रंगाऱ्याची भाची कामाला येतेय परवापासून, ती तुझ्या हाताखाली. तू कुठे जायचं नाहीस. आणि ही मुंगी मात्र आजच्या दिवस कामावर."

मास्तरीण हसता हसता रडली. नवऱ्याने लांबूनच दोन्ही मुठी वर केल्या. रंगाऱ्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, का ते अर्ध्यांना माहीत नव्हतं. मुंगी आईच्या पुढच्या चौकटीत छाती काढून उभी राहिली, आणि मास्तरणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. इतका आनंद तिला मुंगी जन्मली त्या दिवसानंतर झाला नव्हता.

गच्चीच्या कठड्याला लागून तिवईवर कॅमेरा लावला होता. कॅमेऱ्यामागे शिपाईकाका होते. ते खाली डोकावले. खडूच्या नकाशात एक चौकट रिकामी होती. त्यांचीच.

"थांबा थांबा, मी पण येतो!" ते ओरडले, आणि जिन्यावरून धडधडत खाली आले, धापा टाकत चौकटीत उभे राहिले, केसांवरून हात फिरवला.

"अहो काका, मग फोटो कोण काढणार?" रंगाऱ्याने विचारलं.

मास्तरणीने झटकन मालकीणबाईंकडे वळून पाहिलं. तिने तोंड उघडलं. पण मालकीणबाई फार खुशीत होत्या आणि त्यांचा आवाजही मोठा होता.

"काढेल की कोणीतरी! हसा रे सगळे! वर बघा!"

आणि सगळ्यांनी वर बघितलं. हसत. गच्ची रिकामी होती. निळं आकाश, कठडा, तिवई. वारा अजिबात नव्हता. तिवईवरचा कॅमेरा हळूच वळला. पहिल्या रांगेवरून, दुसऱ्या रांगेवरून, एकेका चौकटीवरून, हजेरी घ्यावी तसा सरकत आला आणि जराशी मान खाली घालून मास्तरणीच्या पुढच्या चौकटीवर थांबला. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आपोआप चालणारं काहीतरी असेल, हल्ली असतं तसलं.

"आई," मुंगी आनंदाने म्हणाली आणि तिची हनुवटी वर जायला लागली, "ते बघ, वर—"

मास्तरणीने तिच्या चेहऱ्यावर हात टाकला.

तो फोटो आता मालकीणबाईंच्या खोलीत लावलेला आहे. इतका सुंदर फोटो कारखान्यात कधी निघाला नव्हता, असं सगळे म्हणतात. एकाचेही डोळे मिटलेले नाहीत, एकही चेहरा आंबट नाही. सगळे वर बघून असे मनापासून हसतायत की बघणाऱ्यालाही हसू यावं. फक्त एक लहान मूल तेवढं दिसत नाही. त्याच्या चेहऱ्यावर आईचा पंजा आहे, कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट दाबलेला. "अगं, पोरीचा चेहरा का झाकलास?" असं विचारलं की मास्तरीण म्हणते, डोळ्यांत ऊन येत होतं तिच्या.